शेतावरचे सेवा वाहन : कोणते घ्यावे आणि त्यात काय ठेवावे?

सोयाबीनच्या काढणीनंतरचे आठ-दहा दिवस शेतकऱ्याची कसोटी पाहणारे असतात. शेंगा वाळून तयार होतात, पण परतीचा पाऊस डोक्यावर असतो. कापणी करून गंजी लावली की मळणी यंत्राची वाट पाहावी लागते. यंत्र शेतावर येते आणि ऐन वेळी पट्टा तुटतो किंवा बेअरिंग जाते. मिस्त्री लोह्याला, सुटा भाग नांदेडला आणि गंजी माळाकोळीच्या शिवारात. दिवस असाच निघून जातो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना वाया गेलेल्या दिवसाची किंमत पुन्हा एकदा दाखवून दिली.

लोहा तालुक्यात आणि शेजारच्या कंधार, अहमदपूर भागात आता ट्रॅक्टर, मळणी यंत्र, रोटाव्हेटर, रुंद वरंबा सरी पेरणी यंत्र ही अवजारे गावोगाव पोहोचली आहेत. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून राबविण्यात आला. त्यानंतर अनेक गटांनी अवजारे बँका उभ्या केल्या. मात्र अवजारे वाढली तशी त्यांची देखभाल वाढली नाही. म्हणून काही गट आता दुरुस्तीची साधने घेऊन थेट बांधावर जाणारे वाहन घेण्याच्या विचारात आहेत. हे वाहन कसे निवडावे, त्यात कोणत्या सोयी असाव्यात आणि कोणत्या टाळाव्यात याची माहिती या लेखात दिली आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या, म्हणजे पिकाची वेळ. त्यामुळे येथे प्रत्येक साधनाचा विचार “याने पिकाचा किती वेळ वाचेल?” या एकाच प्रश्नातून केला आहे.

एका दिवसाची किंमत

समजा, एक मळणी यंत्र, ज्याला आपल्याकडे हडंबा म्हणतात, ताशी १० क्विंटल सोयाबीन काढते. आठ तास ते बंद राहिले तर ८० क्विंटलची मळणी राहिली. त्या रात्री पाऊस आला, गंजी भिजली आणि डागी मालामुळे क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले, तर नुकसान ४०,००० रुपयांचे होते. हंगाम २०२५-२६ साठी सोयाबीनची आधारभूत किंमत ५,३२८ रुपये होती. त्या हिशेबाने हे नुकसान साडेसात क्विंटल सोयाबीनच्या किमतीएवढे आहे. ज्या पट्ट्यासाठी हे सारे घडले तो मात्र काही शे रुपयांचा असतो. सेवा वाहनाचे महत्त्व या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

आधी वही, मग वाहन

वाहन पाहायला विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी दोनशे पानी वही घ्यावी आणि आपण ज्या गावांना सेवा देणार आहोत तेथील यंत्रांची नोंद करावी. प्रत्येक यंत्राला एक पान द्यावे. त्यावर पुढील बाबी लिहाव्यात.

१) यंत्राचा प्रकार, बनावट व खरेदीचे वर्ष.
२) पट्ट्यांचे क्रमांक व संख्या.
३) बेअरिंगचे क्रमांक.
४) लागणारे तेल, फिल्टर व ग्रीस.
५) मागील दोन हंगामांत कोणता भाग, कोणत्या महिन्यात मोडला.

ही नोंद पूर्ण झाली की बहुतेक वेळा असे दिसते की, यंत्रे अनेक असली तरी त्यांना लागणारे पट्टे व बेअरिंग मोजक्याच मापांचे आहेत. तेवढेच वाहनात ठेवले की पुरे. वहीशिवाय घेतलेल्या वाहनात मात्र न लागणारे सामान भरून राहते आणि लागणारे नेमके दुकानात असते.

यंत्रांची संख्या पंधरा-वीसच्या आत असेल आणि सर्व गावे जवळ असतील, तर चारचाकी घेण्याची घाई करू नये. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या बसवून पाने, पट्टे, बेअरिंग व ग्रीसची पिचकारी नेता येते. किरकोळ बिघाड त्यावर भागतात. वेल्डिंग, टायर आणि जड भागांची कामे वारंवार निघत असतील तरच चारचाकी वाहनाचा विचार करावा.

वाहनाची निवड वजनावरून करा

वाहन निवडताना बहुतेक जण किंमत आणि इंजिनाची ताकद पाहतात. सेवा वाहनाच्या बाबतीत पहिला प्रश्न वजनाचा आहे. माल वाहून नेणाऱ्या गाडीचे सामान संध्याकाळी उतरते, सेवा वाहनाचे सामान बारा महिने गाडीतच असते. म्हणून आधी सामानाचे वजन मांडावे. एका मध्यम स्वरूपाच्या वाहनाचा अंदाज पुढीलप्रमाणे येतो.

जनरेटर, ५ के.व्ही.ए. : ९० किलो
वेल्डिंग यंत्र व तारा : ३० किलो
हवेचा कॉम्प्रेसर, टाकीसह : ७० किलो
पाने, जॅक, घोड्या, फळ्या व शेगडा : १२० किलो
सुटे भाग : १०० किलो
तेल व ग्रीस : ६० किलो
डिझेल ५० लिटर, कॅनसह : ५० किलो
पाणी १०० लिटर : १०० किलो
पेट्या व मांडण्या : १२० किलो
दोन माणसे : १३० किलो
एकूण : ८७० किलो

टाटा एस ही छोटी गाडी २००५ साली बाजारात आली आणि आपल्याकडे “छोटा हत्ती” म्हणून ओळखली जाते. या वर्गातील गाड्यांची वहनक्षमता साधारण पाऊण टन आहे. वरील सामान त्यात बसेल, पण ते क्षमतेपेक्षा जास्त होईल. परिणामी ब्रेक उशिरा लागतो, मागचे पाटे बसतात आणि टायर लवकर झिजतात. सव्वा ते पावणेदोन टन क्षमतेच्या पिकअप वर्गातील गाडीत हेच सामान दोन-तृतीयांश क्षमतेत मावते. उरलेल्या जागेत नादुरुस्त गिअरबॉक्स किंवा रोटाव्हेटरचा शाफ्ट लोह्याला आणता येतो. सर्वसाधारण नियम असा की, कायमच्या सामानाचे वजन वहनक्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नये.

ज्यांना छोटीच गाडी परवडते त्यांनी पाणी २० लिटरवर आणावे, कॉम्प्रेसर वगळून लहान १२ व्होल्टचा पंप ठेवावा आणि पेट्या हलक्या कराव्यात. असे केल्यास वजन ६५० किलोच्या आसपास येते व काम निभावते. गाडी लहान असणे हा दोष नव्हे. लहान गाडीत मोठ्या गाडीचे सामान कोंबणे हा दोष आहे.

पुढील सोयींसाठी जास्तीचे पैसे देणे योग्य ठरते.

१) जमिनीपासूनची उंची. पाणंद रस्त्यावर मधला उंचवटा लागत असल्याने गाडीचा तळ उंच असावा.
२) तीन बाजूंनी उघडणारा हौदा. शेताच्या बांधावर गाडी वळवायला जागा नसते. ज्या बाजूने काम आहे त्या बाजूची फळी खाली पडली पाहिजे.
३) पुढे व मागे ओढण्याचे भक्कम आकडे.
४) टायर आडव्या खोल नक्षीचे. किमान मागचे टायर तसे असावेत.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी काळ्या जमिनीत उपयोगी वाटते. पण तिची किंमत, डिझेल व देखभाल जास्त असते. भर पावसात काळ्या रानात तीही रुतते आणि मग तिला ओढायला ट्रॅक्टरच लागतो. गाडी रस्त्यावर थांबवून साधने यंत्रापर्यंत नेण्याची सोय केल्यास हा खर्च वाचतो. चकचकीत कडा, सजावटीचे दिवे, मोठे ध्वनिक्षेपक यांवर खर्च करू नये.

हौदा : कायमची बांधणी की सुट्या पेट्या?

काही ठिकाणी संपूर्ण हौद्यावर लोखंडी कपाट वेल्डिंग करून बसवितात. ते मजबूत दिसते, पण गाडी एकाच कामाची होऊन बसते. आपल्या भागात दुरुस्तीचे काम वर्षभर सारखे नसते. जून-जुलैत पेरणी यंत्रे व रोटाव्हेटर, ऑगस्टमध्ये फवारणी पंप, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मळणी यंत्रे, नोव्हेंबरमध्ये हरभऱ्याची पेरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची मळणी असे काम येते. अर्धापूर-मुदखेड पट्ट्यात त्याच सुमारास हळदीच्या कुकर व पॉलिश यंत्रांची कामे निघतात. मधल्या काळात गाडी रिकामी राहते. त्या दिवसांत भाजीपाला, बियाणे, खत किंवा बाजारचा माल नेता आला तरच गाडी परवडते.

म्हणून सुट्या पेट्यांची रचना श्रेयस्कर आहे. हौद्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-तीन फूट लांबीच्या चार पेट्या ठेवाव्यात. प्रत्येक पेटी भरलेली असताना दोन माणसांना उचलता आली पाहिजे, म्हणजे तिचे वजन ५० ते ६० किलोच्या आत असावे. पेट्या हौद्याच्या तळाला नट-बोल्टने आवळाव्यात, नुसत्या दोरीने बांधू नयेत. पहिल्या पेटीत पाने, दुसरीत पट्टे व बेअरिंग, तिसरीत विजेचे सामान आणि चौथीत तेल-ग्रीस ठेवावे. झाकणाच्या आत यादी चिकटवावी. रात्री बॅटरीच्या उजेडात १९ चा पाना शोधण्यात पंधरा मिनिटे जात असतील, तर पेटी असून नसल्यासारखी आहे.

जड सामान खाली आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवावे. जनरेटर अगदी मागच्या टोकाला ठेवल्यास पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग सैल वाटते. डाव्या-उजव्या बाजूचे वजन सारखे ठेवावे.

आवश्यक साधने

(अ) पाने व उचलण्याची साधने

शेती अवजारांवरील बहुतेक बोल्ट ८, १०, १२, १६ व २० मि.मी. जाडीचे असतात. त्यांना अनुक्रमे १३, १७, १९, २४ व ३० चे पाने लागतात. ही पाच मापे रिंग पाना आणि उघडा पाना अशा दोन्ही प्रकारांत, प्रत्येकी दोन ठेवावीत. कारण एका बाजूने नट धरल्याशिवाय दुसऱ्या बाजूने बोल्ट सुटत नाही. पन्नास पानांचा झगमगीत संच घेण्यापेक्षा या मापांचे चांगल्या पोलादाचे पाने घ्यावेत. जोडीला बेअरिंग ओढण्याचा पुलर, तांब्याचा किंवा पितळेचा हातोडा, छिन्नी, पंच, सर्कलिप पक्कड व पाईप पाना असावा.

४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. त्याला १० टनांचा बाटली जॅक पुरतो. परंतु काळ्या जमिनीत जॅकपेक्षा त्याखालची फळी महत्त्वाची आहे. जॅकचा तळ साधारण १२ सें.मी. × १२ सें.मी. म्हणजे १४४ चौ.सें.मी. असतो. मागचे एक चाक उचलताना त्यावर ७०० किलो भार आला, तर दर चौ.सें.मी.वर जवळजवळ ५ किलो दाब पडतो. ओली काळी माती एवढा दाब सोसत नाही व जॅक खाली जातो. त्याच जॅकखाली ४५ सें.मी. × ४५ सें.मी. मापाची, दोन इंच जाड बाभळीची किंवा सागाची फळी ठेवली तर दाब दर चौ.सें.मी.ला सुमारे ३५० ग्रॅमवर येतो. अशा दोन फळ्या गाडीत कायम असाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर यंत्राखाली शिरू नये. खाली लोखंडी घोडी लावूनच काम करावे.

(आ) वेल्डिंग व वीज

शेतातील वीज हवी तेव्हा नसते आणि असली तरी तिचा दाब स्थिर नसतो. म्हणून वेल्डिंगसाठी स्वतःची सोय हवी. जुन्या जड ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग यंत्रापेक्षा इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र सेवा वाहनाला योग्य आहे. ते आठ-दहा किलोचे असते व खांद्यावर नेता येते.

जनरेटर केवढा घ्यावा याचा हिशेब सोपा आहे. अडीच मि.मी.च्या वेल्डिंग रॉडला ९० अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो आणि ठिणगीचा दाब २४ व्होल्टच्या आसपास असतो. ९० × २४ म्हणजे सुमारे २.२ किलोवॅट. यंत्रातील घट व पॉवर फॅक्टर धरता जनरेटरवर ४ के.व्ही.ए. भार येतो. सव्वातीन मि.मी.च्या रॉडला १२० अँपिअर लागतात व भार सव्वापाच के.व्ही.ए.वर जातो. यावरून ५ के.व्ही.ए. जनरेटरवर अडीच मि.मी. रॉडचे काम निर्धास्त करता येते, जाड रॉडचे नाही. जाड पत्रा असेल तर अडीचच्या रॉडने दोन-तीन थर द्यावेत. २ के.व्ही.ए. जनरेटर स्वस्त मिळतो म्हणून घेतला तर तो दिव्यांपुरताच उरतो.

जनरेटर गाडीत ठेवून ३० मीटर तारेने वीज यंत्रापर्यंत न्यावी. ही तार ४ चौ.मि.मी. तांब्याची असावी. ४ के.व्ही.ए. भाराला सुमारे १७ अँपिअर प्रवाह लागतो. घरगुती १ चौ.मि.मी. तारेतून तो नेल्यास १८ व्होल्टच्या वर घट येते व तार तापते. ४ चौ.मि.मी. तारेत ही घट ५ व्होल्टच्या आत राहते.

(इ) हवा

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला साधारण १२ ते १६ पौंड एवढीच हवा लागते, पण टायर मोठा असल्याने हवेचे प्रमाण जास्त लागते. ट्रॉलीच्या टायरचे उलट आहे. तो लहान असतो, पण दाब बराच जास्त लागतो. त्यामुळे कॉम्प्रेसर घेताना केवळ “किती पौंड” हे न विचारता “मिनिटाला किती लिटर हवा” हेही विचारावे. टाकीसह कॉम्प्रेसर, १५ मीटर नळी, दाबमापक, पंक्चरचे सामान व व्हॉल्व्ह काढण्याची चावी ठेवावी. याच हवेने मळणी यंत्राच्या चाळण्या व ट्रॅक्टरचा रेडिएटर साफ करता येतो. रेडिएटर साफ करताना हवा आतून बाहेर मारावी.

(ई) मोजमापाची साधने

ही साधने सर्वात लहान आणि सर्वात दुर्लक्षित आहेत. फेरे मोजण्याचे यंत्र, म्हणजे टॅकोमीटर, आणि दाण्यातील ओलावा मोजण्याचे यंत्र प्रत्येक सेवा वाहनात असावे. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मात्र पुलीच्या मापावर ठरतात. गती वाढविली की काम लवकर उरकते असे चालकाला वाटते, पण दाणा फुटतो. बियाण्यासाठी सोयाबीन ठेवायचे असेल तर ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावी आणि दाणा जास्त वाळलेला असेल तर ती आणखी कमी करावी. सोयाबीनचे टरफल पातळ असते व अंकुर अगदी त्याच्याखाली असतो. म्हणून वरून चांगला दिसणारा दाणाही जोरदार आपटल्यास उगवत नाही. पुढच्या जूनमध्ये उगवण का झाली नाही याचे उत्तर अनेकदा ऑक्टोबरमधील ड्रमच्या गतीत सापडते. दुरुस्तीला गेलेल्या मिस्त्रीने जाता जाता फेरे मोजून दिले तर तो यंत्राबरोबर बियाणेही वाचवितो.

(उ) उजेड

मळणी रात्री चालते आणि बिघाडही रात्रीच होतो. गाडीला दुसरी बॅटरी बसवावी. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीची अर्धी वीज वापरली तरी ३० वॅटचे दोन एलईडी दिवे दहा तास चालतात. गाडी सुरू करण्याची मूळ बॅटरी दिव्यांसाठी वापरू नये. एक दिवा उंच दांड्यावर व एक कपाळावर बांधण्याचा असावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

सुटे भाग किती ठेवावेत?

गाडी म्हणजे दुकान नव्हे. हंगामापूर्वी वही उघडावी आणि मागील दोन हंगामांत जे भाग दोनदा किंवा अधिक वेळा लागले तेवढेच भरावेत.

पट्ट्यांचा क्रमांक पुसला गेला असेल तर वरची रुंदी मोजावी. ‘ए’ पट्टा १३ मि.मी., ‘बी’ १७ मि.मी. आणि ‘सी’ २२ मि.मी. रुंद असतो. एकाच पुलीवर तीन पट्टे असतील आणि एक तुटला तर तिन्ही बदलावेत. जुने पट्टे ताणलेले असल्याने सर्व भार नव्या पट्ट्यावर येतो व तो लवकर तुटतो. उतरविलेले दोन जुने पट्टे अडीअडचणीसाठी गाडीत ठेवावेत.

बेअरिंगच्या क्रमांकातील शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना ५ ने गुणले की आतील भोकाचे माप मिळते. उदाहरणार्थ, ६२०५ चे भोक २५ मि.मी. व ६२०६ चे ३० मि.मी. असते. एवढे माहीत असल्यास शाफ्ट मोजूनही बेअरिंग मागविता येते. भागाचा फोटो दुकानदाराला मोबाईलवर पाठविताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. नुसत्या फोटोवरून माप कळत नाही.

याशिवाय रोटाव्हेटरची पाती व त्यांचे बोल्ट, पी.टी.ओ. शाफ्टचे क्रॉस व पिना, डिझेल फिल्टर, नळ्या व क्लिपा, फ्यूज, वायर आणि पेरणी यंत्राच्या नळ्या व साखळीचे जोड ठेवावेत. महागडे व क्वचित लागणारे भाग, उदाहरणार्थ हायड्रॉलिक पंप किंवा इंजेक्टर, गाडीत ठेवू नयेत. ते कोठे मिळतात त्याची नोंद पुरेशी आहे.

काळी जमीन आणि पाणंद

पावसाळ्यात वाफसा नसताना गाडी शेतात घालू नये. गाडी तर रुततेच, शिवाय चाकोरीतील माती दाबली जाऊन पुढच्या पिकाच्या मुळांना त्रास होतो. गाडी रस्त्यावर थांबवावी आणि मोठ्या रबरी चाकांच्या हातगाड्यावर साधने न्यावीत. हा हातगाडा, ३० मीटर तार, १५ मीटर हवेची नळी, दोन खोरी, रुतलेल्या चाकाखाली टाकण्यासाठी गोणपाट व दोन लोखंडी जाळ्या आणि ओढण्याचा पट्टा हे सामान सेवा वाहनाचेच अंग समजावे.

सुरक्षितता

१) सहा किलोचे कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे. वाळलेल्या भुसाला ठिणगी पुरते. वेल्डिंग गंजीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून, आजूबाजूला पाणी शिंपडून करावे. गाडीतील १०० लिटर पाण्याचा मुख्य उपयोग हाच आहे.
२) डिझेल लोखंडी, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वेल्डिंग व जनरेटरच्या विरुद्ध बाजूला ठेवावे.
३) ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी, अन्यथा अल्टरनेटर जळू शकतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह बेअरिंगमधून जातो व ते खराब होते.
४) पट्टा बदलताना ट्रॅक्टर बंद करून चावी मिस्त्रीच्या खिशात असावी.
५) मळणी यंत्राची घास घालण्याची पन्हळ किमान ९० सें.मी. लांब व तिचा ४५ सें.मी. भाग झाकलेला असावा. धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ मध्ये झाला, तो मळणी यंत्रांवर हात गमावणाऱ्यांची संख्या पाहूनच. झाकण काढून ठेवलेले दिसल्यास दुरुस्तीबरोबर ते बसवून द्यावे.
६) प्रथमोपचार पेटी, जाड कातडी हातमोजे व वेल्डिंगचा चष्मा ठेवावा.
७) मजुरांना हौद्यात बसवून नेऊ नये. अपघात झाल्यास विमा मिळण्यात अडचण येते आणि सुट्या पेट्यांमुळे इजा अधिक होते.

खर्चाचा हिशेब

समजा, वाहन व साधने मिळून १० लाख रुपये लागले. दहा वर्षांनी १ लाख रुपये येतील असे धरल्यास वर्षाचा घसारा ९०,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणूक साडेपाच लाख व व्याज १० टक्के धरल्यास ५५,००० रुपये. विमा, कर व तपासणीचे ४०,००० रुपये धरू. असा वर्षाचा स्थिर खर्च १,८५,००० रुपये येतो. गाडी जागेवर उभी असली तरी हा खर्च चुकत नाही.

गाडी वर्षात ६० दिवसच चालली तर दिवसाला ३,०८३ रुपये पडतात. हीच गाडी इतर वाहतुकीसह १६० दिवस चालली तर दिवसाला १,१५६ रुपये पडतात. डिझेल व मिस्त्रीची मजुरी यावर वेगळी. म्हणून एकट्या शेतकऱ्याने असे वाहन घेणे सहसा परवडत नाही. सात-आठ ट्रॅक्टरमालक, गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांनी मिळून घ्यावे. प्रत्येक यंत्रमालकाकडून हंगामापूर्वी ठराविक वार्षिक वर्गणी घ्यावी आणि दुरुस्तीच्या वेळी केवळ सुटा भाग व मजुरी आकारावी. त्यामुळे बिघाड होण्यापूर्वीच यंत्र तपासून घेण्याची सवय लागते. सर्वात स्वस्त दुरुस्ती तीच.

अवजारे बँकेच्या अनुदानात असे वाहन बसेलच असे गृहीत धरू नये. खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नये.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे एकूण भारासह ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परवाना लागत नाही. गाडी निवडताना नोंदणी पुस्तकातील हा आकडा पाहावा, कारण थोड्या फरकाने गाडी या मर्यादेबाहेर जाते. चालकाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला आहे. त्यानुसार हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असलेली व्यक्ती एकूण भार ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले मालवाहू वाहन चालवू शकते. योग्यता प्रमाणपत्र, विमा व प्रदूषण तपासणी वेळेवर करून घ्यावी. हौद्यात जनरेटर, कॉम्प्रेसर बसविले असल्यास विमा कंपनीला तसे लेखी कळवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) यंत्रांची नोंदवही आधी करा, वाहन नंतर घ्या.
२) सामानाचे वजन मांडूनच गाडीची क्षमता ठरवा.
३) कायमच्या बांधणीऐवजी सुट्या, आवळून बसविलेल्या पेट्या वापरा.
४) फळ्या, लांब तार, हातगाडा या स्वस्त वस्तू काळ्या रानात महागड्या गाडीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.
५) फेरे व ओलावा मोजण्याची यंत्रे विसरू नका.
६) हंगामापूर्वी, पेरणीच्या अगोदर मे महिन्यात आणि मळणीच्या अगोदर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सर्व यंत्रांची एकेक फेरी करा.

आपल्या भागात बैल घेताना माळेगावच्या यात्रेत त्याचे दात, खूर आणि चाल पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. वाहनाच्या बाबतीतही तोच चोखंदळपणा ठेवावा. यंत्रे व अवजारांविषयी अधिक माहितीसाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. येताना आपली नोंदवही सोबत आणावी, म्हणजे सल्ला आपल्याच यंत्रांना धरून देता येईल.